पंप हवा घेत होता

जेटबोटीला सुकाणू नसते आणि तळाखाली फिरणारा पंखाही नसतो. बोटीच्या पोटात बसवलेला पंप तळातल्या जाळीतून पाणी ओढतो, इम्पेलर त्या पाण्याला दाब देतो, त्याच्या मागची स्थिर पाती पाण्याचा पीळ मोडतात आणि नॉझलमधून झोत मागे सुटतो. बोट पुढे जाते ती या झोताच्या रेट्याने, आणि वळते तीही हाच झोत डावीउजवीकडे कलवला म्हणून. झोत थांबला की बोट ज्या दिशेला तोंड करून असेल त्याच दिशेला घसरत राहते. मग चाक कितीही फिरवा, काही होत नाही.

हे मला बोट घेण्याआधीपासून ठाऊक होते. तरी पंप हे एक काम आणि स्टिअरिंग हे दुसरे काम, असे समजून मी दोन्हींत फेरफार करत गेलो. त्याची परिणती माझ्या भाच्याचे मनगट मोडण्यात झाली. ओळखीतली काही मराठी कुटुंबे न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या आसपास जुनी बोट घेण्याच्या विचारात आहेत आणि मला सल्ला विचारतात. त्यांना तोंडी जे तुकड्यातुकड्याने सांगतो, ते इथे सलग लिहीत आहे.

या बोटीचा जन्मच इथल्या नद्यांसाठी झाला. दक्षिण बेटावरच्या मॅकेंझी खोऱ्यात आयरिशमन क्रीक नावाचे मेंढ्यांचे मोठे रान आहे. तिथे राहणाऱ्या बिल हॅमिल्टन यांना आजूबाजूच्या उथळ, खळाळत्या नद्यांतून वर जाईल अशी बोट हवी होती. १९५०च्या दशकात त्यांनी ती करून पाहिली. सुरुवातीला झोत तळाखाली, पाण्यातच सुटत होता आणि वेग बेताचा होता. नॉझल मागच्या फळीतून पाण्याच्या पातळीच्या वर काढल्यावर वेग वाढला आणि तळाखाली गोट्यांवर आपटण्याजोगे काही उरले नाही. १९६० साली त्यांच्या बोटी कोलोरॅडो नदीच्या घळीतून प्रवाहाविरुद्ध चढल्या. १९७७ साली सर एडमंड हिलरी गंगासागरहून गंगेच्या उगमाकडे निघाले तेही याच जातीच्या बोटींतून. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडवेपर्यंत त्या गेल्या. एक नॉझल जागेवरून हलवल्याने बोटीचा सगळा स्वभाव पालटतो, ही गोष्ट या यंत्राच्या इतिहासात पहिल्याच पानावर आहे.

वायमाकारिरी, राकाया, रांगिताता या कँटरबरीच्या नद्या एका पात्रातून वाहत नाहीत. गोट्यांच्या रुंद पट्ट्यात त्यांचे अनेक फाटे फुटतात, पुन्हा मिळतात, आणि पूर येऊन गेला की सगळी वाट बदललेली असते. कालचा खोल फाटा आज कोरडा असतो. बोट वेगात असते तेव्हा ती पाण्यावर उचलली जाऊन सरकते, इथे त्याला प्लेनवर येणे म्हणतात, आणि तेव्हा तिला वीतभर पाणीही पुरते. वेग उतरला की ती पोट खाली टाकते आणि टेकते. म्हणून या नद्यांत थांबणे हा नेहमी सुरक्षित पर्याय नसतो. पंप आणि स्टिअरिंग यांवर माणसाचा जीव अवलंबून असतो, तो असा.

मी मूळचा सांगलीकडचा. नोकरीची पहिली वर्षे पंपांच्या कारखान्यात गेली. कृष्णाकाठच्या उपसा योजनांवर बिघाड झाला की आम्हाला बोलावणे यायचे. त्यामुळे पाच मीटरच्या आत-बाहेरची, अ‍ॅल्युमिनियमची, कारचे व्ही-सिक्स इंजिन आणि एका टप्प्याचा पंप असलेली जुनी बोट घेतली तेव्हा इंजिनाची धास्ती होती, पंपाची अजिबात नव्हती. पंप आपल्याला कळतो, या खात्रीवरच पुढचे सगळे घडले.

पहिल्या उन्हाळ्यात बोट ठीक चालली. पूर्ण थ्रॉटलला इंजिन मिनिटाला ४,२०० फेरे घ्यायचे. त्या हंगामाच्या शेवटी एका उथळ जागी तळ गोट्यावर जोरात आपटला आणि जाळीच्या थोडे पुढे खोलगट पोचा पडून बारीक चीर गेली. मी स्वतः पट्टी लावून वेल्डिंग केले. पाणी आत येत नाही एवढे तपासले आणि समाधान मानले. वेल्डची आडवी कड तळावर उठून राहिली होती. ती घासून सपाट करायला हवी, असे मनातही आले नाही.

पुढच्या हंगामात इंजिन ४,६०० फेऱ्यांवर जाऊ लागले, पण बोटीचा वेग तसूभरही वाढला नाही, उलट किंचित उतरला. मी अनुमान काढले की इंजिनाकडे ताकद शिल्लक आहे आणि इम्पेलर हलका पडतो आहे. जास्त पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त पाणी ढकलणारा इम्पेलर मागवून बसवला. फेरे पुन्हा ४,२००च्या जवळ आले. काटा जागेवर आला म्हणजे रोग बरा झाला, असे मी मानले.

इथे थोडे गणित करायला हवे होते, आणि ते मला येत होते. पंपाला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ४,२०० वरून ४,६०० म्हणजे फेऱ्यांत साडेनऊ टक्क्यांची वाढ. भरल्या पाण्यात तेवढे फिरवायला इंजिनाला सुमारे तीस टक्के जास्त शक्ती द्यावी लागली असती. इंजिनाला मी हातही लावला नव्हता, मग ही शक्ती आली कुठून? उत्तर एकच होते. इम्पेलर भरल्या पाण्यात फिरत नव्हता, पाण्याबरोबर हवा येत होती. साध्या बोटीच्या पंख्याचा भार बोटीच्या वेगाबरोबर बराच बदलतो, जेटच्या पंपाचा मात्र फारसा बदलत नाही. त्यामुळे त्याच थ्रॉटलला फेरे वाढले, की बहुधा पंपाच्या तोंडाशी काहीतरी बिघडले आहे असा त्याचा अर्थ होतो.

सांगली भागात कुठल्याही बागायतदाराला विचारा. मोटर जोरात पळते आणि पाणी कमी पडते, तर तो म्हणेल पंप हवा घेतोय. तो आधी सक्शनचा पाइप बघेल, जोडावर माती लिंपून बघेल, फूटव्हॉल्व्ह बघेल. इम्पेलर खोलण्याचा विचार त्याच्या डोक्यात सर्वांत शेवटी येतो. मी स्वतः अनेक शेतांवर हेच निदान केलेले आहे. इथे मात्र पंप बोटीत आहे, नदी परकी आहे, म्हणून काहीतरी वेगळे आणि जास्त अवघड असणार असे धरून चाललो. याची मला आजही खंत वाटते.

हवेचा शिरकाव आणि कॅव्हिटेशन यांतही मी गल्लत केली. दोन्हींत पंप घसरतो, आवाज चढतो, रेटा पडतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात. कॅव्हिटेशनमध्ये पात्याच्या मागच्या बाजूला दाब इतका पडतो की पाणी थंड असूनही तिथे उकळते. वाफेचे बुडबुडे पुढे जाऊन फुटतात आणि फुटताना धातू टोचून खातात. भरलेली बोट एकदम पूर्ण थ्रॉटल देऊन उचलताना हे सहसा घडते, आणि त्याच्या खुणा पात्यांवर राहतात. हवा मागे काही ठेवत नाही. ती बहुधा लाटांवर, वळणावर, वेगात शिरते. माझ्या जुन्या इम्पेलरची पाती गोट्यांनी कडेला घासली होती, पण टोचल्याची एकही खूण त्यांवर नव्हती. ती पाती टेबलावर माझ्यासमोर पडली होती आणि मी ती पुसून खोक्यात भरून ठेवली.

त्यानंतर नॉझल. ओळखीच्या एका बोटवाल्याने लहान तोंडाचे नॉझल लावून ताशी काही किलोमीटर कमावल्याचे ऐकले आणि मीही तोंडाचे क्षेत्रफळ दहाएक टक्क्यांनी कमी केले. तोंड लहान केले की झोत वेगवान होतो, पण दर सेकंदाला बाहेर पडणारे पाणी कमी होते. सरळ, खोल पाण्यात वरचा वेग थोडा वाढला, हे खरे आहे. पण कमी वेगातला ढकलण्याचा जोर उतरला. बोट प्लेनवर यायला आधीपेक्षा जास्त पाणी आणि जास्त अंतर मागू लागली. शर्यतीच्या बोटीला हे परवडते. फाट्याफाट्यांच्या नदीत, जिथे दोन उथळ जागांमध्ये उचलण्यापुरतेच खोल पाणी मिळते, तिथे मी हवी ती वस्तू देऊन नको ती विकत घेतली होती. बाजूला ढकलणारा जोरही त्या झोताचाच असतो, त्यामुळे हळू जाताना बोट वळायलाही थोडी आळसावली.

तो आळस मी स्टिअरिंगचा दोष मानला. चाकापासून एक केबल मागे येते आणि नॉझलच्या आर्मला ओढते किंवा ढकलते. आर्मवरचे छिद्र टेकूपासून १२० मिलिमीटरवर होते. मी ९० मिलिमीटरवर नवे छिद्र पाडले. केबलच्या तेवढ्याच हालचालीत नॉझल आता एक तृतीयांश जास्त वळू लागले. धक्क्यावर उभ्या बोटीत चाक फिरवून पाहिले तेव्हा झोत चटकन इकडून तिकडे जायचा आणि मला आनंद झाला. पण त्याच हिशेबाने केबलवर येणारा ताणही एक तृतीयांशाने वाढला होता. शिवाय केबल आपल्या टोकाला पोचण्याआधीच नॉझल त्याच्या अडसराला टेकत होते, म्हणजे पूर्ण वळणात सगळा जोर केबलच्या टोकावर आणि आर्मच्या नव्या, कमजोर केलेल्या जागेवर येत होता. जास्त कोनात झोत वळल्यावर बोटीची मागची बाजू किती झपाट्याने फेकली जाईल आणि बोट किती कलेल, याचा विचार मी केलाच नाही.

मार्च महिना होता. नदीचे पाणी उतरलेले होते. उघड्या गोट्यांवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळही संपला होता. इथे रायबिल नावाचा एक पक्षी आहे, त्याची चोच उजवीकडे वळलेली असते. त्याची अंडी गोट्यांत ओळखू येत नाहीत, म्हणून ऑगस्ट ते जानेवारी या काळात मी गोट्यांच्या पट्ट्यांजवळ बोट नेत नाही. भाचा शिकायला क्राइस्टचर्चला आला होता. बहिणीने त्याला माझ्या भरवशावर पाठवले होते. आर्ममधल्या फेरफारानंतर बोट वेगात नीट तपासली नव्हती, तरी मी त्याला बरोबर घेतले. वायमाकारिरीच्या खालच्या पात्रात, वेगमर्यादा उठवलेल्या भागात, आम्ही प्रवाहाविरुद्ध चाललो होतो. डावीकडे वळणारा एक फाटा आला. मी नेहमीएवढेच चाक फिरवले.

नव्या आर्ममुळे नॉझल नेहमीपेक्षा जास्त वळले. बोट आत कलली आणि मागची बाजू बाहेर घसरली. तळाखालून जाणाऱ्या पाण्यात हवा मिसळली, माझ्या वेल्डच्या कडेने ती आणखी फेसाळून थेट जाळीत गेली आणि पंपाने हवा धरली. इंजिन किंचाळले आणि रेटा नाहीसा झाला. त्याबरोबर स्टिअरिंगही नाहीसे झाले, कारण वळवायला झोतच उरला नव्हता. तेव्हा चाक थोडे सरळ करून, थ्रॉटल किंचित उतरवून, पंपाला पाणी धरू द्यायचे आणि लगेच पुन्हा थ्रॉटल द्यायचा, हे करायला हवे होते. मी घाबरून थ्रॉटल पूर्ण सोडला, जसा गाडीत पाय सुटतो तसा.

"मामा, वळवा की!" एवढे तो ओरडला. मी चाक शेवटपर्यंत फिरवून धरले होते. बोट सरळ गोट्यांच्या पट्ट्यावर चढली. त्याने पुढची दांडी धरली होती, धक्क्याने त्याचा हात पिरगळला.

मनगटाचे हाड मोडले होते. लाइफ जॅकेट दोघांच्याही अंगात होते, आणि समोर विलोची झाडे किंवा खडक नव्हता, मोकळे गोटे होते. समोर काय असावे हे मी ठरवले नव्हते. अपघाताची खबर मेरिटाइम न्यूझीलंडला देणे इथे कायद्याने बंधनकारक आहे, ती दिली. बहिणीला फोन करणे त्याहून कठीण गेले. "दादा, पोरगं धड आहे ना?" एवढेच तिने विचारले, मला एका शब्दाने बोलली नाही.

बोट घरी आणून उलटी केली. एक वृद्ध बोटवाले शेजारी बघायला आले. उभी हयात या नद्यांत काढलेला माणूस. त्यांनी इम्पेलरकडे पाहिलेही नाही. हातातली सरळपट्टी जाळीच्या पुढे तळावर आडवीउभी ठेवून पाहिली, बोट फिरवले आणि माझ्या वेल्डवर थांबले. मग बोट सरळ करून पंपाच्या वरचे तपासणीचे झाकण उघडायला सांगितले. जाळीत अडकलेले गवत-काटक्या काढायला ते झाकण असते, आणि ते सक्शनच्याच बाजूला येते. त्याची रबरी सील मी मिळेल त्या रबराच्या तुकड्यातून कापली होती आणि ती कडक पडली होती. बोट कमी वेगात असताना पूर्ण थ्रॉटल दिला की पंपाच्या तोंडाशी दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, आणि तेव्हा तिथूनही हवा आत जात होती. नंतर पाण्यात बोट बांधून झाकणाच्या कडेला ग्रीसचा थर दिला आणि इंजिनाला जोर दिला तर ग्रीस एका जागी आत ओढले गेले. शेतावरच्या पाइपाला माती लिंपण्याचाच हा प्रकार होता.

त्यानंतर मी सगळे पहिल्यापासून केले, आणि या वेळी एकावेळी एकच बदल. वेल्डची कड घासून तळाशी सपाट केली. योग्य मापाची सील आणली. जुना इम्पेलर पात्यांच्या कडा नीट करून परत बसवला, आणि पाते व भोवतालची रिंग यांच्यातली फट चारी बाजूंनी फीलर गेजने मोजली. खालच्या बाजूला ती जास्त निघाली, कारण गोटे आणि वाळू तळाशी लोळतात. रिंग बदलली. मूळ नॉझल चढवले. प्रत्येक बदलानंतर त्याच सरळ, खोल पट्ट्यात, दोन्ही दिशांना, त्याच वजनाने बोट चालवून फेरे आणि जीपीएसवरचा वेग वहीत लिहिला. दोन्ही दिशांना यासाठी की प्रवाहाचा हिशेब वजा व्हावा. कड घासल्यावरच अर्ध्याहून जास्त सुधारणा झाली होती. शेवटी फेरे पुन्हा ४,२०० झाले, आणि या वेळी वेगही परत आला.

स्टिअरिंगचे कारण सर्वांत शेवटी सापडले. नॉझल एकाने हाताने घट्ट धरायचे आणि दुसऱ्याने चाक हलवायचे. नॉझल न हलता चाक जितके फिरते तितका ढिलेपणा. माझ्या बोटीत तो चाकाच्या जवळजवळ पाव फेऱ्याएवढा निघाला. केबलच्या टोकाचा बॉल जॉइंट आणि आर्मच्या टेकूचा बुश झिजले होते. ते बदलल्यावर मूळ छिद्रावरच स्टिअरिंग मला हवे तितके चपळ झाले. दोन छिद्रे पडलेला आर्म मी दुरुस्त केला नाही. तो काढून टाकला आणि नवा घेतला, कारण टेकूजवळ वाकण्याचा जोर सर्वांत जास्त येतो आणि तिथे बुजवलेल्या छिद्रावर मी कुणाचा जीव ठेवणार नाही.

भाच्याचे मनगट भरून आले. थंडीत अजून दुखते, असे त्याची आई सांगते, तो स्वतः सांगत नाही. तो पुन्हा बोटीत बसतो. इंजिन बंद करणारी दोरी आता न चुकता माझ्या मनगटाला असते.

जुनी जेटबोट घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. फेरे वाढले आणि वेग वाढला नाही, तर इम्पेलर मागवण्याआधी बोट उलटी करून जाळीच्या पुढचा हातभर तळ सरळपट्टीने तपासा आणि झाकणाची सील बघा. स्टिअरिंग मंद वाटले तर छिद्र पाडण्याआधी ढिलेपणा मोजा. आणि पंपाला किंवा स्टिअरिंगला हात लावल्यानंतरच्या पहिल्या फेरीत, खोल आणि मोकळ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, काठावर एक माणूस लक्ष ठेवायला उभा करून, एकट्याने जा. घरातल्या कुणालाही, त्याने कितीही हट्ट धरला तरी, त्या दिवशी बरोबर घेऊ नका.